टिपणीसांचा बंद हंगाम

हरिहर टिपणीस यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी शिकारीच्या ऐन रंगात होतो. माजिवड्याच्या आमच्या सोसायटीत राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता, आणि दुसऱ्या नि तिसऱ्या मजल्यामधल्या जिन्यात मी एका उंदराला कोंडलं होतं. उंदीर म्हणजे ऐरागैरा उंदीर नव्हे. शेपूट वगळून मोजला असता तरी पायरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला असता. त्याला मिशा होत्या आणि मधूनमधून तो त्यांना पीळ देत होता, असं निदान मला तरी दिसत होतं. माझ्या उजव्या हातात बाथरूममधली स्लीपर, डाव्या हातात केरसुणी आणि कमरेला टॉवेल. वरच्या पायरीवर उभी असलेली माझी बायको फक्त शंख फुंकायची बाकी होती. मी स्लीपर उगारली आणि इतक्यात खालून आवाज आला, "परवाना आहे?"

खाली एक किडकिडीत गृहस्थ उभे होते. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, हातात दुधाची पिशवी.

"कसला परवाना?" मी विचारलं.

"शिकारीचा. बरं, ते राहू दे. नर आहे की मादी?"

"मी विचारलं नाही."

"विचारायला हवं. मादीवर हत्यार उचलता येत नाही. दुसरं असं," त्यांनी कोपऱ्यातल्या गळक्या पाइपाकडे बोट केलं, "जनावर पाण्यावर आलेलं आहे. पाणवठ्यावर शिकार करता येत नाही. आणि तिसरं, तुमच्या नेमाच्या रेषेत आमच्या दाराची बेल आहे."

उंदराने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तो सावकाश पायऱ्या उतरला आणि त्या गृहस्थांच्या चपलेला वळसा घालून निघून गेला. जाताना त्याने त्यांच्याकडे जे पाहिलं, ते सुटलेल्या आरोपीने आपल्या वकिलाकडे पाहावं तसं होतं.

"मी टिपणीस," ते म्हणाले. "दोनशे चार. वनखात्यातून निवृत्त. कधीही चहाला या. फक्त सूर्यास्ताच्या आत या."

सूर्यास्ताची भानगड मला पुढे कळली. टिपणीस १९७१ साली वनखात्याच्या ठाण्यातल्या एका ऑफिसात कारकून म्हणून चिकटले आणि त्यांना टेबल मिळालं ते शिकारीच्या परवान्यांचं. त्या काळी रीतसर अर्ज करून, फी भरून बदक, तितर, ससा असं काय काय मारता येत असे. मात्र परवान्यामागे नियम असत. बंद हंगामात मारायचं नाही. मादी मारायची नाही. पाणवठ्यावर मारायचं नाही. सूर्य बुडाल्यावर मारायचं नाही. ठरल्यापेक्षा जास्त मारायचं नाही. कागदामागे बारीक टाइपात छापलेलं हे सगळं कोणीही वाचत नसे. वीस वर्षांचे टिपणीस खिडकीतून प्रत्येक शिकाऱ्याला ते मोठ्याने वाचून दाखवत. मोठमोठे साहेब बंदूक खांद्याला लावून रांगेत उभे असायचे आणि हे त्यांना शाळेतल्या मुलांसारखे प्रश्न विचारायचे: "समजा, संध्याकाळ झाली आणि समोर ससा बसलाय. काय कराल?" उत्तर चुकलं तर परत पहिल्यापासून वाचन.

टिपणीसांचं नशीब असं, की नोकरीला लागल्याच्या पुढच्याच वर्षी वन्यजीवांचा नवा कायदा आला. परवाने आटत गेले, आणि एक्क्याण्णव साली शिकारीचं उरलंसुरलं दारही बंद झालं. टिपणीसांना आधी बांबूच्या, मग जळाऊ लाकडाच्या टेबलावर बसवलं. टेबलं बदलली, पण नियम काही त्यांच्या अंगातून गेले नाहीत. शिकार बंद झाल्यावर एवढ्या चांगल्या नियमांचं करायचं काय? त्यांनी ते संसाराला लावले.

सोसायटीची मीटिंग रात्री साडेआठला असते. तिथे टिपणीस तोंड उघडत नाहीत. सूर्यास्तानंतर हत्यार चालवायचं नाही. पाण्याच्या टाकीवरून त्यांना कोणी काहीही बोलो, ते हात जोडून बसतात. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला सेक्रेटरीच्या दाराची बेल वाजते. सेक्रेटरी आता सकाळी बेल बंद ठेवून झोपतो. लग्नाच्या जेवणात टिपणीस ताटात दोनच जिलब्या घेतात, कारण दिवसाचा कोटा दोन. तिसरी वाढणाऱ्याकडे ते अशा नजरेने पाहतात, की तो पुढच्या पंगतीलाही त्यांच्या बाजूला फिरकत नाही.

गंमत म्हणजे या माणसाने स्वतः कधी बंदूक हातात धरली नाही. जंगल पाहिलं नाही, कारण गाडी लागते. खाडीपासून हाकेच्या अंतरावर आयुष्य काढलं, पण होडीत पाय ठेवला नाही, कारण होडी नुसती दिसली तरी पोटात ढवळतं. त्यांच्या पत्नी उत्तराबाई म्हणतात, "यांनी जन्मात एकच शिकार केली, माझी. आणि तिचाही परवाना माझ्या बाबांनी काढला."

पण नियमांतलं एक कलम टिपणीसांचं खास लाडकं. ते सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. जखमी जनावर टाकून यायचं नाही. ज्याने जखमी केलं, त्यानेच माग काढायचा. मग काट्यांत शिरावं लागो की चिखलात.

या कलमामुळेच त्यांना गोमाजी भेटले.

गोमाजी बाळकुमचे कोळी. तरुणपणी मासेमारीच्या जोडीला ते शिकारी साहेबांना वल्ह्याच्या होडीतून खाडीत बदकांवर घेऊन जात. एका दुपारी हा काळासावळा तरुण टिपणीसांच्या खिडकीशी आला. रांग बाजूला सारून त्याने काखेतलं पंच्याचं गाठोडं टेबलावर ठेवलं. गाठोडं बोललं. आत पंख मोडलेलं बदक होतं.

"ह्याला मारनारा सायेब पलाला," गोमाजी म्हणाले. "तू खिरकीत वाचतंस ना, जखमी टाकून जावाचा नाय म्हनून? मंग आता हे कोनी घेवाचा?"

परवाना देण्याची पद्धत होती, तपासण्याची होती, रद्द करण्याची होती. बदक जमा करून घेण्याची नव्हती. टिपणीसांनी ते घरी नेलं. नव्या नवरीने, म्हणजे उत्तराबाईंनी, ते आंघोळीच्या घंगाळात ठेवलं. बदक बरं होईपर्यंत टिपणीस नवराबायको बादलीने आंघोळ करत होते, आणि बदकाला रोज ताजी कोळंबी पोचवायला गोमाजी येत होते. एके दिवशी बदक खिडकीतून उडून गेलं. कोळंबी यायची काही थांबली नाही.

तेव्हापासून दर बुधवारी सकाळी गोमाजी टिपणीसांकडे येणार, मासे देणार, कोरा चहा घेणार आणि दोघं मिळून जगाला नावं ठेवणार, हे पन्नास वर्षं चाललेलं. टिपणीस त्यांना "अरे गोमाजी" म्हणायचे. गोमाजी त्यांना "सायेब, तू" म्हणायचे. कोळीवाड्याच्या बोलीत देवालाही तूच म्हणतात, त्यामुळे त्यात काही वावगं नव्हतं.

टिपणीस सीकेपी. म्हणजे मासा हा त्यांच्याकडे पोटाचा नव्हे, श्रद्धेचा विषय. पण इथेही नियम होताच. जून-जुलैमध्ये मासे अंड्यावर असतात, मासेमारीला सरकारी बंदी असते. बंद हंगाम. ते दोन महिने टिपणीस दुधी आणि पडवळावर काढत. गटारीच्या दिवशी आख्खी सोसायटी मटणा-मच्छीच्या वासाने धुंद झालेली असे, तेव्हा हे गॅलरीत बसून मुगाची खिचडी खात. मग एक ऑगस्ट उजाडे. बाकीच्यांचा श्रावण नुकताच लागलेला असताना दोनशे चारमधून तळलेल्या सुरमईचा वास जिन्याने वर चढे. तिसऱ्या मजल्यावरच्या रमाबाई सत्यनारायणाच्या दिवशी दाराखाली ओला टॉवेल लावून ठेवत.

खरं तर ती बंदी समुद्रात जाणाऱ्या इंजिनाच्या होड्यांना. वल्ह्याने खाडीत फिरणाऱ्या गोमाजींसारख्यांना सरकारने त्यातून सूट दिलेली आहे. टिपणीसांनी दिलेली नव्हती. "सरकारचं सरकारला," ते म्हणायचे. गोमाजी हसायचे आणि त्या दोन महिन्यांत बुधवारी रिकाम्या हाताने येऊन नुसता चहा पिऊन जायचे.

गेल्या वर्षी जूनमध्ये उत्तराबाई न्यूमोनियातून उठल्या. हॉस्पिटलमधून घरी आल्या तेव्हा अंगावरची साडी वाळत घातल्यासारखी दिसत होती. तोंडाला चव नाही, अन्नावर वासना नाही. मऊ भाताचे दोन घास जायचे, तेही नवऱ्याचा दोनाचा कोटा भरावा म्हणून. एका दुपारी टिपणीस झोपलेले पाहून त्यांनी गोमाजींना फोन लावला आणि म्हणाल्या, "भाऊजी, थोड्या चिवण्या मिळतील का हो?"

चिवणी हा पावसाळ्याच्या तोंडाला खाडीत मिळणारा मासा. पोटात गच्च गाबोळी, म्हणजे अंडी. ठाण्याच्या जुन्या माणसासमोर नुसतं नाव काढलं तरी तो बोलताना मधेच थांबतो.

बुधवारी सकाळी गोमाजी गेटवर आले. हातात जर्मलचा टोप, वर केळीचं पान. टिपणीस दूध घेऊन परतत होते. मी स्कूटर पुसत होतो. वॉचमन, पेपरवाला आणि फिरून आलेल्या दोन-तीन बायका तिथेच होत्या.

"आज टोप कसला?" टिपणीसांनी विचारलं.

"काय नाय, जरासा..." गोमाजी टोप मागे घेत म्हणाले.

टिपणीसांनी पान उचललं. पाहिलं. त्यांचा चेहरा खिडकीतल्या कारकुनाचा झाला.

"चिवण्या. गाबोळीच्या. जूनमध्ये."

"हीच तर येल हाय तिची, सायेब."

"म्हणजे मादी. पोटुशी. बंद हंगामात. आणि माझ्या दारात. गोमाजी, हे चोरट्या शिकाऱ्याचं काम झालं. मी तुला वेगळा समजत होतो."

वॉचमनने उगाचच गेटची कडी लावली आणि परत काढली. गोमाजींनी वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर उत्तराबाई खिडकीशी आल्या होत्या. त्यांना खालचं काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी हसून हात हलवला. एक वाक्य बोलायचं होतं, 'तुझ्या बायकोनी मागवल्या', की गोमाजी सुटले असते. ते वाक्य त्यांच्या ओठापर्यंत आलेलं मी पाहिलं, आणि त्यांनी ते गिळलेलंही पाहिलं.

"तुमी बोलता ते बरोबर हाय, सायेब," ते म्हणाले. टोप वॉचमनच्या टेबलावर ठेवला आणि वळून निघून गेले.

टोप पोरका राहिला. पोरक्या वस्तूंबद्दल मला पहिल्यापासून कळवळा. मी तो घरी आणला. बायकोने चिंचेचा कोळ घालून असं कालवण केलं, की कायदा काय म्हणतो याचा मला दुपारपर्यंत विसर पडला. त्यातलंच वाटीभर झाकून मी दोनशे चारमध्ये घेऊन गेलो. टिपणीस पेपर वाचत होते. उत्तराबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि सावकाश, शेवटचा थेंब बोटाने पुसून, सगळं संपवलं.

"गोमाजी भाऊजी वर नाही आले ते?" त्यांनी विचारलं. "मी त्यांना चिवण्या आणायला सांगितल्या आणि चहाही न घेता गेले?"

टिपणीसांनी पेपर खाली केला. "तू सांगितल्यास?"

"मग काय तुम्ही सांगणार होतात?"

"मला का नाही बोललीस?"

"बोलले असते तर कलम वाचून दाखवलं असतंत." उत्तराबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काय केलंत तुम्ही?"

टिपणीस पेपरची घडी घालू लागले. मग उत्तराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायला मला फार वाक्यं लागली नाहीत.

त्यांनी रिकामी वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तुमची ती शिकारी माणसं बरी. ती निदान अनोळखी जनावरावर गोळी झाडायची."

टिपणीसांनी त्या दुपारी फोन केला. गोमाजींनी उचलला नाही. संध्याकाळी केला. उचलला नाही. पुढचा बुधवार आला, गोमाजी आले नाहीत. टिपणीसांनी दोन कप कोरा चहा करून ठेवला होता, दोन्ही थंड झाले. त्यांनी ते बेसिनमध्ये ओतले आणि कप विसळून तसेच हातात धरून उभे राहिले.

रविवारी सकाळी माझ्या दारात टिपणीस उभे. डोक्यावर ऑफिसच्या काळातली खाकी टोपी, पायात बूट, हातात घासून लख्ख केलेला टोप.

"गाडी काढा," ते म्हणाले. "माग काढायचाय."

"अहो, पण तुम्हाला गाडी लागते."

"म्हणून तर तुमची घेतोय. माझी असती तर खराब झाली असती."

बाळकुमला गोमाजींची होडी चिखलाच्या वर, पार भिंतीपर्यंत ओढून ठेवली होती. वल्ही आत उभी-आडवी टाकलेली. त्यांची नात मेघाली दारात स्कूटी धूत होती. शिकतेबिकते, तोंडाने फटाकडी. टोपीकडे पाहून तिने पाण्याचा पाइप बंद केला.

"तुम्हीच ना ते परवानेवाले?"

"हो. आजोबा आहेत?"

"टिटवाळ्याला गेलेत, चंद्रभागाआत्याकडे. आता तिकडेच राहणार बोलले."

"आणि होडी?"

"विकायला काढलीय. उद्या येतोय एक जण बघायला." मेघालीने फडका पिळला. "मी बोलले, आजोबा, असं काय झालं? तर बोलले, ज्याच्या कायद्याने पन्नास वर्षं वल्हं मारलं तोच चोर बोलला. मग आता पाण्यात उतरायचं कशाला? काका, तुम्हाला माहितीये, पप्पा किती वर्षं बोलत होते की होडी विका, वय झालं. त्यांना नाही जमलं. तुम्हाला दोन मिनिटांत जमलं."

टिपणीसांनी होडीच्या काठावर हात ठेवला. एरवी ते होडीच्या जवळही जात नसत. 

"त्या माणसाला उद्या येऊ नको म्हणावं," ते म्हणाले.

"मी नाही सांगणार. आजोबांनी सांगितलं तर सांगेन."

आम्ही टिटवाळ्याकडे निघालो. टिपणीस लिंबू हुंगत पुढे बसले होते आणि मांडीवर टोप होता. टोपाचा उपयोग होतो की काय, या भीतीने मी गाडी नवरदेवाच्या घोड्यासारखी चालवत होतो. कल्याणच्या अलीकडे त्यांनी एकदम "थांबा" म्हटलं. मी ब्रेक मारला आणि खिडक्या उघडल्या.

"तसं नव्हे," टिपणीस म्हणाले. "टोप रिकामा आहे. उत्तराने बजावलंय, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही."

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. कोळ्याच्या टोपात काय घालून न्यायचं? मासे नेले तर तो अपमान. मिठाई नेली तर गोमाजींना साखरेचा त्रास. मी बिस्किटं सुचवली. टिपणीसांनी माझ्याकडे तिसरी जिलबी वाढणाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं. मार्केटच्या बाजूला रस्त्याकडेला एक बाई जांभळांची पाटी घेऊन बसली होती. टपोरी, पाणीदार जांभळं. टिपणीसांनी एकेक निवडून टोप भरला. बाई वैतागून म्हणाली, "अण्णा, जांभळं घेताय की मुलगी बघताय?" भरलेला टोप दोन्ही हातांनी पोटाशी धरून ते गाडीत बसले आणि टिटवाळा येईपर्यंत त्यांना गाडी लागली नाही.

चंद्रभागाताईंचं घर नव्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं. टिपणीसांना ओळखून त्या आधी हसल्या, मग आठवण होऊन त्यांनी हसू आवरलं. "बाबा गॅलरीत हाईत. जेवले पन नाय नीट," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

गोमाजी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून खाली पाहत होते. लांबवर काळू नदीची एक वळलेली रेघ दिसत होती. आम्ही आल्याचं त्यांना कळलं होतं. मान वळली नाही.

टिपणीसांनी टोप त्यांच्या पायाशी ठेवला आणि समोरच्या उलट्या बादलीवर बसले. आजवर त्यांनी कोणाची माफी मागितलेली मला माहीत नाही. ती मागायची कशी, हेही त्यांना माहीत नसावं. त्यांना एकच भाषा येत होती.

"बंद हंगामात हत्यार चालवलं," ते म्हणाले. "वस्तीत, लोकांसमोर चालवलं. नेम न धरता चालवलं. आणि जखमी करून टाकून आलो. चार कलमं मोडली, गोमाजी."

गोमाजी नदीकडेच पाहत होते.

"उत्तराने वाटीभर कालवण संपवलं," टिपणीस म्हणाले. "आजारपणानंतर पहिल्यांदा पोटभर जेवली. तू तिचं नाव का नाही घेतलंस?"

"ती वरशी हात हलवत व्हती," गोमाजी म्हणाले. "हसत व्हती. आजारी बाईला लोकांसमोर कशाला उघडी पाडाची?"

टिपणीसांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"ही नदी बग," गोमाजी पुढे म्हणाले. "चार दिस बगतंय. हिला भरती नाय. पानी एकाच बाजूला जातंय. गेला ते परत येतच नाय. मना ह्याची सवय नाय."

"मी आलोय की," टिपणीस म्हणाले.

हे इतकं हळू म्हटलं गेलं, की मी गॅलरीतल्या कुंडीकडे पाहायला लागलो. तुळस होती. बरी वाढली होती.

गोमाजींनी खाली वाकून टोपातलं एक जांभूळ उचललं, तोंडात टाकलं, बी मुठीत घेतली. दुसरं उचललं आणि टिपणीसांपुढे धरलं. दोन म्हातारे एकमेकांकडे न पाहता जांभळं खात बसले. थोड्या वेळाने दोघांचीही तोंडं शाई प्यायल्यासारखी झाली.

"चार कलमा मोडल्या तर सिक्षा काय?" गोमाजींनी विचारलं.

"परवाना जप्त."

"तो तर तुज्याजवल कंदीच नवता."

"मग तू सांग शिक्षा."

गोमाजींनी जांभळी जीभ ओठांवरून फिरवली. "होडीत बसाचा. माज्यासंगती. खारीत."

टिपणीस पांढरे पडले. जांभळे ओठ आणि पांढरा चेहरा, असा तो देखावा होता. "दुसरी काही शिक्षा..."

"दुसरी नाय."

"होडी तर तू विकतोयस."

"तू बसतंस तर नाय विकत."

टिपणीसांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टोपात पाहिलं आणि मान डोलावली. गोमाजींनी आतल्या दिशेने हाक मारली, "चंद्रे, मेघालीला फोन लाव. त्या मानसाला येव नको बोल. आन भात वाढ. सायेब पन जेवल."

पुढच्या बुधवारी, भरतीचं पाणी पाहून, सकाळी टिपणीसांना होडीत बसवलं. खरं तर चढवलं. मेघालीने त्यांना लाइफ जॅकेट घातलं आणि त्याचे पट्टे आवळताना म्हणाली, "काका, श्वास घ्या. तो घ्यायला परवाना लागत नाही." उत्तराबाई काठावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी होडीत मधल्या फळीवर बसलो, ते टिपणीसांना धरायला. प्रत्यक्षात त्यांनी मला असं धरलं होतं, की बोटांचे वळ दुसऱ्या दिवसापर्यंत होते.

गोमाजी वल्हं मारत होते. पाणी संथ होतं. तिवरांच्या झाडीच्या कडेने होडी पुढे सरकली, तसे दोन बगळे उठले आणि पलीकडे जाऊन बसले. मागे घोडबंदरच्या बाजूच्या उंच इमारती धुरकट दिसत होत्या. बराच वेळ टिपणीसांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"सायेब, डोले उघड," गोमाजी म्हणाले. "ती बग, बदकांची जागा. तू कागदावर लिवाचास ती."

टिपणीसांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. तिवरांमधली एक उथळ, चिखलाची खोलगट जागा. तरुणपणी त्यांनी तिचं नाव किती परवान्यांवर वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, कोण जाणे.

"इथेच ते आपलं बदक?"

"हितंच. तो सायेब हितनं पलाला. कंबरेपातूर चिखलात रुतलावता. त्याचा एक बूट अजून आतच असल."

टिपणीस हसले. मग त्यांनी माझा दंड सोडला आणि होडीच्या काठावरून हात खाली नेऊन बोटांची टोकं पाण्यात बुडवली. तसेच बसले. होडी हलली तरी हात काढला नाही. काठावरून उत्तराबाईंनी हात हलवला. टिपणीसांनी ओला हात उंच करून उत्तर दिलं, आणि मग ते होडीबाहेर तोंड काढून ओकले.

"जालं," गोमाजी म्हणाले. "सिक्षा पुरी."

एक ऑगस्टला हंगाम उघडला. त्या पहाटे गोमाजी स्वतः जाऊन हातभर लांबीचा जिताडा घेऊन आले. दोनशे चारमध्ये मसाला वाटून तयार होता.

त्याच सकाळी टिपणीसांच्या पायाचा अंगठा सुजला होता. रक्त तपासलं. युरिक ॲसिड वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी मासे बंद केले, बाराही महिने. गोमाजी दर बुधवारी येतात आणि कोरा चहा घेतात. मासे आमच्याकडे देऊन जातात.